पुरानंतरचे आठ महिने

लग्नासाठी घेतलेले बूट दोन-तीनदाच पायांत घातलेले असतात. मग ते पुसून, आत कागद कोंबून खोक्यात जातात. पाच-सहा वर्षांनी दुसऱ्या कुणाच्या लग्नाला बाहेर निघतात आणि मांडवापर्यंत पोचायच्या आत तळव्याचा भुगा पडू लागतो. रोज वापरलेला बूट झिजतो यात कुणाला नवल वाटत नाही. पण ज्याला ऊन लागलं नाही की चिखल, तो असा आतून का खचतो? दोष सहसा दुकानदाराच्या माथी मारला जातो. खरं कारण खोक्यातल्या हवेत असतं. बुटाचा तळवा बहुधा पॉलियुरेथेनचा असतो. हा पदार्थ म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्या. त्यातल्या काही प्रकारांत साखळीचे दुवे असे असतात की हवेतल्या बाष्पाचा कण तिथे शिरून दुवा तोडू शकतो. रसायनशास्त्रात याला जलअपघटन म्हणतात. एक दुवा तुटला तर काही बिघडत नाही, पण वर्षानुवर्षं लाखो दुवे तुटत राहिले की आकार तोच राहतो, रंग तोच राहतो आणि बळ निघून जातं. वस्तू कपाटात आहे म्हणून ही क्रिया थांबत नाही.

हेच कोडं आपल्याकडच्या पूरनियंत्रण कक्षांच्या गोदामांत दरवर्षी पडतं, फक्त तिथे बुटाच्या जागी हवेनं फुगवायची रबर बोट असते. सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट आहे, कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची 43 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. पण 2005, 2019, 2021 अशी मोठ्या पुरांची वर्षं मांडली तर दिसतं की बोट पाण्यात असते ते मोजके दिवस, तेही प्रत्येक वर्षी नाही. बाकीचा सगळा काळ ती गुंडाळून पडलेली असते. तरीही जूनमध्ये ती फुगवली की कुठे जोड सुटलेला, कुठे मागची फळी निसटलेली, कुठे घडीवर भेग. प्रश्न असा की हे नुकसान झालं कधी? पुराच्या चार दिवसांत की नंतरच्या आठ महिन्यांत? या लेखाचं म्हणणं असं की ते बहुतांशी नंतरच्या आठ महिन्यांत होतं. आणि बोट जपण्याचे जे सल्ले परदेशी पुस्तिकांमधून आपल्याकडे येतात, ते हिवाळ्याला शत्रू मानून लिहिलेले असल्यामुळे आपला खरा शत्रू त्यांतून निसटतो.

रबर बोटीत रबर किती?

आधी बोट कशाची असते ते पाहू, कारण तिला ‘रबर बोट’ म्हणत असलो तरी आजच्या बोटीत झाडाच्या चिकापासून बनलेलं रबर जवळपास नसतंच. एकेकाळी होतं. 1840 च्या दशकात ब्रिटिश नौदलातल्या पीटर हॅल्केट यांनी रबर चढवलेल्या कापडाचा एक डगला बनवला होता, तो फुगवला की त्याची एका माणसाची होडी व्हायची. उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमांत अशा होड्या नेल्या गेल्या. पण नैसर्गिक रबराच्या रेणूंत जिथे दुहेरी बंध असतात तिथे हवेतला ओझोन हल्ला करतो, आणि ताणलेल्या जागी भेगा पडतात. पुढे कृत्रिम रबरं आली तसं हे चित्र बदललं. 1930 मध्ये निओप्रिन आलं. 1930 च्याच दशकात फ्रान्समधल्या झोडियाक कंपनीत पिएर देब्रूतेल यांनी आजच्या बोटीचा पूर्वज घडवला. ही कंपनी मुळात हवाई जहाजं बांधणारी. हवा धरून ठेवणारं कापड कसं शिवायचं, चिकटवायचं याची विद्या तिच्याकडे होतीच. 1952 मध्ये अ‍ॅलँ बोंबार या फ्रेंच डॉक्टरनं अशाच बोटीतून कॅनरी बेटांपासून बार्बाडोसपर्यंत अटलांटिक ओलांडला. सुमारे दोन महिने बोट समुद्रात होती आणि शाबूत राहिली. पाण्याला ती घाबरत नाही एवढं त्यावरून पुरेसं स्पष्ट होतं.

आजची बोट तीन गोष्टींची बनते. मधोमध पॉलिस्टर किंवा नायलॉनचं विणलेलं कापड, ताण सोसायला. त्यावर दोन्ही बाजूंनी लेप, हवा आणि पाणी अडवायला. आणि तिसरी गोष्ट गोंद, म्हणजे सोल्यूशन, तुकडे एकमेकांना धरून ठेवायला. लेप दोन प्रकारचे. एक पीव्हीसीचा, दुसरा ‘हायपॅलॉन’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या कृत्रिम रबराचा. हे ड्यूपाँट कंपनीचं व्यापारी नाव. त्या कंपनीनं त्याचं उत्पादन 2010 च्या सुमारास थांबवलं, पण तोच पदार्थ इतर कारखाने बनवतात आणि बाजारात जुनं नावच चालतं. हायपॅलॉनच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध नसतात, त्यामुळे ओझोन आणि ऊन त्याला सहज खात नाहीत. आतल्या बाजूला मात्र बहुधा निओप्रिन असतं, कारण हवा धरायला आणि गोंद धरायला ते बरं.

पीव्हीसीची गोष्ट वेगळी. नळाचा कडक पाइप आणि बोटीचं मऊ कापड एकाच पदार्थाचे. फरक एवढाच की कापडात एक तेलकट द्रव मुरवलेला असतो, जो रेणूंच्या साखळ्यांना एकमेकींवरून सरकू देतो. त्याला प्लास्टिसायझर म्हणतात. 1926 मध्ये अमेरिकेत वॉल्डो सेमन यांनी पीव्हीसी असं मऊ करून दाखवलं. हा द्रव साखळ्यांना पक्का बांधलेला नसतो, फक्त त्यांच्यात वावरत असतो. म्हणून तो हळूहळू बाहेर येतो, उष्णतेनं जास्त लवकर. बाहेर आलेला द्रव पृष्ठभागाला चिकट करतो आणि आतलं कापड कडक होत जातं.

आता गोंद. हायपॅलॉनच्या बोटी पूर्णपणे चिकटवलेल्या असतात. पीव्हीसीचे मोठे जोड उष्णतेनं वितळवून जोडता येतात. पण तिथेही मागची लाकडी फळी, कड्या, मुठी, व्हॉल्वचे तळ बरेचदा गोंदावरच असतात, आणि पीव्हीसीला लागणारा गोंद असतो पॉलियुरेथेनचा. म्हणजे बुटाच्या तळव्याचंच नातलग.

थंडीची भीती कुठून आली

युरोप-अमेरिकेत बोटीचा हंगाम उन्हाळ्याचा. हिवाळ्यात ती बांधून ठेवायची, म्हणून जपणुकीचे सगळे नियम हिवाळ्याभोवती रचले गेले. त्यांत तथ्य नाही असं नाही. गोठताना पाण्याचं आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढतं, त्यामुळे व्हॉल्वमध्ये किंवा फळीच्या स्क्रूच्या भोकात राहिलेलं पाणी गोठलं तर ती जागा फाकते. कडक थंडीत पीव्हीसीमधल्या साखळ्या सरकेनाशा होतात आणि अशा वेळी घडी जोरात उलगडली तर लेपाला तडा जातो. आपल्याकडे याचा खरा संबंध लडाखशी. झंस्कार नदीवरचं राफ्टिंग उन्हाळ्यात चालतं आणि हिवाळ्यात ती नदी गोठून माणसं तिच्यावरून चालतात. तिथल्या राफ्ट वसंतात उघडण्याआधी ऊबदार खोलीत तासन्‌तास ठेवणं हा शहाणपणा आहे. पण निफाडला पारा 5 अंशांवर आला तरी ती बातमी द्राक्षबागांसाठी, बोटीसाठी नाही. बोटीचं पीव्हीसी शून्याच्या बरंच खालीही लवचीक राहील असं बनवलेलं असतं.

शिवाय थंडीची एक बाजू या पुस्तिकांत सांगितली जात नाही, कारण तिथे ती गृहीतच धरलेली असते. थंडीत रासायनिक क्रिया मंदावतात. एक ढोबळ ठोकताळा असा की तापमान 10 अंशांनी वाढलं की क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. प्रत्येक क्रियेला तो तंतोतंत लागू नाही, पण दिशा आणि प्रमाणाचा अंदाज देतो. या हिशोबानं 30 अंशांच्या पक्क्या खोलीत ठेवलेली बोट आणि पत्र्याच्या शेडमध्ये छताजवळच्या माळ्यावर 50 अंशांत ठेवलेली बोट यांच्या म्हातारपणात चौपटीचा फरक. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तापलेल्या पत्र्याखाली 50 अंश ही काही दुर्मीळ गोष्ट नव्हे. थोडक्यात, तिकडे गोठलेल्या शेडमध्ये बोटीचं रसायन जवळजवळ झोपलेलं असतं. आपल्याकडे ते वर्षातले आठ महिने जागं असतं आणि मार्चनंतर धावू लागतं.

यावर कुणी म्हणेल, मग उष्ण देशांत या बोटी टिकतातच कशा? टिकतात, पण सगळ्या सारख्या नाहीत. शिडाच्या नौकांवरून उष्ण कटिबंधात वर्षानुवर्षं हिंडणाऱ्यांचा जुना अनुभव आहे की तिथे हायपॅलॉनची बोट पीव्हीसीपेक्षा स्पष्टपणे जास्त वर्षं जाते, आणि पीव्हीसीची बोट निकामी होते ती बहुधा कापड फाटून नव्हे, जोड सुटून. उष्णता आणि बाष्प मिळून आधी गोंदावर चालून जातात असं म्हटलं, तर नेमकं असंच दिसायला हवं.

बाष्प आत शिरतं कसं

‘पाण्यासाठी बनवलेली वस्तू, तिला ओलीची कसली भीती?’ हा आक्षेप वाजवी वाटतो. उत्तर असं की नदीचं पाणी बोटीला बाहेरून चार दिवस लागतं आणि वाहून जातं. गुंडाळलेल्या घड्यांत अडकलेली ओल महिनोन्‌महिने एकाच जोडाला लागून बसते. कापडाच्या कापलेल्या कडांतून विणलेले धागे उघडे असतात, त्यांतून ती लेपाच्या आत झिरपते. बाहेरून कोरडी दिसणारी बोट आतून ओली असू शकते. आणि इथे एक फसवी गोष्ट आहे जिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही: बोट पाण्यात न बुडताही तिच्या ट्यूबमध्ये पाणी जमतं.

कसं ते पाहा. ऑगस्टमध्ये 30 अंश तापमान आणि 90 टक्के आर्द्रता असलेल्या एक घनमीटर हवेत सुमारे 27 ग्रॅम बाष्प असतं. ती हवा पंपानं ट्यूबमध्ये भरली आणि पुढे नोव्हेंबरच्या एखाद्या रात्री बोट 15 अंशांपर्यंत गार झाली, तर तेवढ्या हवेत जेमतेम 13 ग्रॅम बाष्प मावतं. उरलेले 14 ग्रॅम, म्हणजे मोठा चमचाभर पाणी, आतल्या भिंतीवर थेंबांच्या रूपात बसतं. चार-साडेचार मीटर लांबीच्या बचाव बोटीच्या ट्यूबांत एक-दीड घनमीटर हवा सहज असते. पूर ओसरल्यावर हवा काढून, व्हॉल्वची टोपणं घट्ट लावून बोट गुंडाळली की हे दमट वातावरण आत बंद होतं. वरून हात फिरवून कुणीही ती कोरडी असल्याचा निर्वाळा देईल.

कोकणात यात मिठाची भर पडते. चिपळूणची वाशिष्ठी काय किंवा महाडची सावित्री काय, खाडीच्या भरतीचा वास तिथे पुराच्या पाण्यालाही असतो, आणि बोटींचा सराव तर बहुधा खाडीतच होतो. मीठ वाळून पांढरं झालं म्हणजे निरुपद्रवी झालं असं नाही. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून विरघळतं. म्हणजे धुतल्याशिवाय ठेवलेली बोट कोकणच्या हवेत पुन्हापुन्हा आपोआप ओली होत राहते. त्या खारट ओलीत ॲल्युमिनियमच्या तळफळ्या आणि पितळी किंवा स्टीलचे भाग एकमेकांना लागून असले तर ॲल्युमिनियम आधी सडतं. गाळाचा त्रास निराळा. ट्यूब आणि तळ यांच्या खाचेत बसलेली वाळू प्रत्येक घडीबरोबर लेप घासत राहते. पुराच्या पाण्यातलं डिझेल आणि सांडपाणी धुवायला साधा सौम्य साबण आणि भरपूर गोडं पाणी पुरतं. थिनर, ॲसिटोन, पेट्रोल यांनी डाग लवकर जातो, पण त्याबरोबर पीव्हीसीचा लेपही मऊ पडतो. चकाकी आणणारे सिलिकॉनचे फवारे तर मुळीच नकोत. त्यांनी बोट नवीसारखी दिसते आणि पुढे तिच्यावर कुठलाही पॅच धरत नाही.

बुरशीबद्दल मात्र थोडा वेळ थांबायला हवं. पीव्हीसी स्वतः बुरशीच्या कामाचं नाही, पण त्यात मुरवलेला प्लास्टिसायझर काही बुरशींना खाद्य म्हणून चालतो. म्हणून ओल्या बोटीवरचे काळे ठिपके हा केवळ दिसण्याचा प्रश्न नसतो. बुरशी ज्या द्रवावर जगते, तोच बोटीला मऊ ठेवतो. ठिपके घासून काढले तरी गेलेला द्रव परत येत नाही.

घडी, वळकटी की अर्धी फुगवून?

जागा असेल तर उत्तर सोपं आहे. बोट अर्धवट फुगवून, उन्हापासून लांब, फळ्यांवर पालथी ठेवावी. घडी नाही, म्हणजे एका रेषेवर ताण नाही. ओल अडकायला खाच नाही. पूर्ण दाबानं मात्र फुगवून ठेवू नये, याचं कारण साधं गणित आहे. ट्यूबमध्ये साधारण 0.25 बार दाब ठेवतात. तो बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा जास्तीचा दाब, म्हणजे एकूण 1.26 बारच्या आसपास. हवेचा एकूण दाब तापमानाच्या प्रमाणात वाढतो, आणि ते तापमान निरपेक्ष शून्यापासून, म्हणजे उणे 273 अंशांपासून मोजायचं. 20 अंशांना भरलेली बोट 50 अंशांना पोचली की एकूण दाब 1.39 होतो, आणि जोडांवर येणारा जास्तीचा दाब 0.25 वरून 0.38 वर, म्हणजे दीडपट. उष्णतेनं गोंद मऊ पडलेला असतानाच हा दीडपट ताण येतो.

पण तालुक्याच्या गोदामात खुर्च्या, मतदानाच्या पेट्या, जुनी कपाटं यांच्यामध्ये साडेचार मीटरची फुगलेली बोट कुठे ठेवणार, ही अडचण खरी आहे आणि तिला ‘जागा करा’ हे उत्तर देणं म्हणजे अडचण न ऐकण्यासारखं. तेव्हा गुंडाळावीच लागते. अशा वेळी घट्ट चौकोनी घडीपेक्षा सैल वळकटी केव्हाही बरी. कापडाच्या तीक्ष्ण घडीत बाहेरची बाजू ताणलेली राहते, आणि ओझोन आणि उष्णता दोन्ही ताणलेल्या जागीच आधी काम करतात. हायपॅलॉनचा बाहेरचा लेप ओझोनला दाद देत नाही हे खरं, पण आतलं निओप्रिन, व्हॉल्वचे वायसर, पंपाचे रबरी भाग आणि इंधनाची नळी यांना ती मुभा नाही. म्हणून त्याच शेडच्या कोपऱ्यात वेल्डिंगचं काम चालत असेल तर बोटीची जागा बदलावी, कारण ठिणग्यांबरोबर ओझोनही तयार होतो.

वळकटीत दोन थर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून शंखजिऱ्याची पावडर भुरभुरतात. हेतू बरोबर आहे, पण ती पूर्ण कोरड्या बोटीवरच. ओलसर कापडावर पावडरचा लगदा होतो आणि तो ओल धरून ठेवतो. वळकटी थेट कोब्यावर ठेवली तर जमिनीची ओल खालून चढते, म्हणून खाली लाकडी फळ्या. वर काही रचायचं नाही. ताडपत्रीत गच्च बांधण्यापेक्षा सुती चादर किंवा गोणपाट बरं, कारण आतली उरलीसुरली ओल त्यातून बाहेर पडते. व्हॉल्व उघडे ठेवावेत, मात्र त्यांच्या तोंडावर मलमलचा तुकडा बांधून. नाहीतर कुंभारमाशी आत मातीचं घर करते आणि जूनमध्ये व्हॉल्व बसत नाही. उंदरांसाठी डांबरगोळ्या टाकायची सवय आपल्याकडे जुनी आहे, पण त्यांची वाफ कित्येक प्लॅस्टिकांत मुरून त्यांना मऊ करते, तेव्हा पिंजरा बरा. बोटीत सांडलेला डबा, बिस्किटांचा चुरा राहू दिला नाही तर निम्मं काम तिथेच होतं.

चौकट: आपली बोट कोणत्या कापडाची?
बोटीच्या पाटीवर किंवा खरेदीच्या कागदांत लिहिलेलं असतं, तिथेच आधी पाहावं. ते हरवलं असेल तर सुटलेली पट्टी किंवा जुना तुकडा उलटा करून बघावा. दोन्ही बाजू सारख्या, गुळगुळीत, किंचित चकाकणाऱ्या असतील तर बहुधा पीव्हीसी. बाहेरची बाजू निस्तेज आणि आतली वेगळ्या रंगाची, रबरी असेल तर बहुधा हायपॅलॉन. पीव्हीसीला पॉलियुरेथेनचा आणि हायपॅलॉनला निओप्रिनचा, दोन भाग मिसळून वापरायचा गोंद लागतो. सायकलच्या ट्यूबला लावायचं सोल्यूशन दोघांनाही भरवशाचं नाही. झटपट चिकटणारे गोंद कडक होतात आणि कापड वाकलं की सुटतात.

डिसेंबरात पंप मारण्याचं कारण

आपल्याकडे बोटीची तपासणी मे महिन्यात होते. पावसाळ्यापूर्वीची बैठक, सराव, नदीवर प्रात्यक्षिक असा तो क्रम ठरलेला आहे, आणि सराव म्हणून तो योग्यच आहे. पण दुरुस्तीसाठी ही वेळ उशिराची आहे, आणि त्यामागचं कारण पुन्हा बाष्पच. पॅच लावताना गोंदातला द्रावक उडून जावा लागतो. उडताना तो पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो आणि गोंदाची पातळ फिल्म आसपासच्या हवेपेक्षा गार होते. हवा दमट असेल तर त्या गार फिल्मवर डोळ्यांना न दिसणारं दव बसतं. मग पॅच दाबला तरी गोंद आणि कापड यांच्यामध्ये पाण्याचा पापुद्रा राहतो. असा पॅच कार्यशाळेत घट्ट वाटतो आणि पाण्यात सुटतो. मे संपता संपता पूर्वमोसमी हवा दमट होऊ लागते, कोकणात तर त्याआधीच. उलट डिसेंबर-जानेवारीत सांगली-कोल्हापूरकडे दुपारची हवा कोरडी असते आणि फार तापलेलीही नसते, म्हणजे गोंदासाठी जवळजवळ आदर्श. पंपानं ही कोरडी हवा ट्यूबमध्ये भरून, काही तास ठेवून, पुन्हा काढून टाकली की पावसाळ्यातली आतली ओलही तिच्याबरोबर बाहेर पडते. दोन-तीनदा केलं तर उत्तम. बाकीचे देश ज्या ऋतूत बोट झाकून ठेवतात, तो आपल्याकडे तिला उघडायचा ऋतू आहे.

मात्र हिवाळ्यात गळती तपासताना एक फसगत ठरलेली. दुपारी 30 अंशांना 0.25 बार दाब भरावा आणि पहाटे 14 अंशांना बोटीवर हात ठेवावा, तर ती मऊ लागते. मापकावर दाब 0.18 च्या आसपास दिसतो. चौथ्या हिश्शाहून जास्त दाब गेला, तेव्हा पंक्चर आहे असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात एक कणही हवा गेलेली नसते, फक्त ती गार झालेली असते. म्हणून सकाळी आठला भरलेला दाब दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच, तोही सावलीत, मोजायचा. तेव्हाही तो उतरलेला असेल तर साबणाचं पाणी आधी व्हॉल्वभोवती लावावं, कारण गळती तिथेच जास्त सापडते, मग जोडांवर, मग मागच्या फळीच्या कडेनं. ट्यूबचे आतले कप्पे एकेक करून फुगवावेत. एक भरताना शेजारचा आपोआप फुगू लागला तर मधला पडदा गेलेला आहे. तो दोष बाहेरून दिसत नाही, पण पुरात एक कप्पा फाटला तर दुसरा बोट तरंगती ठेवील हा सगळा भरवसा त्याच पडद्यावर असतो.

मागच्या फळीला याच वेळी बोटानं ठोकून पाहावं. ती बहुधा प्लायवूडची असते, ओबीएम, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, तिच्यावरच टांगतात, आणि त्याच्या स्क्रूंच्या भोकांतून पाणी आत जातं. टणक आवाजाऐवजी भदभद आवाज आला तर लाकूड कुजायला लागलं आहे. ओबीएमचं शास्त्र हा वेगळाच विषय, एवढंच सांगतो की गोड्या पाण्यानं शीतनमार्ग धुऊन, कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवून मगच ते ठेवावं. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळलेलं असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, आणि टाकीत महिनोन्‌महिने राहिलं तर पाण्याचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो.

शेवटचा आक्षेप खर्चाचा आणि मनुष्यबळाचा. पूरकक्षातली माणसं हिवाळ्यात निवडणूक, पंचनामे, टंचाई आराखडा यांत गुंतलेली असतात. बोटीसाठी वेळ कुठून काढायचा? हा युक्तिवाद फायबर बोटीच्या बाजूनंही केला जातो, कारण तिला एवढे लाड लागत नाहीत. ते खरंही आहे. पण फायबर बोट टेम्पोत गुंडाळून नेता येत नाही आणि पुराच्या पाण्यात बुडालेल्या कुंपणावर आदळली तर रबर बोटीसारखी दबून निसटत नाही. दोन्ही लागतात, आणि रबर बोट ठेवायची तर तिची देखभाल टाळता येत नाही. सुदैवानं वेळ फार लागत नाही. ऑक्टोबरात पूर ओसरल्यावर धुऊन, सावलीत दोन दिवस वाळवून सैल गुंडाळणं. डिसेंबरात दोन-तीन दिवसांची तपासणी आणि पॅच. मार्चमध्ये, पत्रा तापायच्या आधी, पक्क्या खोलीत हलवणं. त्या वेळी वळकटी उलगडून घडी वेगळ्या रेषेवर घालावी, म्हणजे सगळी वर्षं एकाच जागी ताण येत नाही. गोंदाचा डबा मात्र दरवर्षी नोव्हेंबरात नवा घ्यावा, आणि घेताना त्यावरची उत्पादनाची तारीख वाचावी. दोन भागांच्या गोंदातला जो छोटा भाग, हार्डनर, तो हवेतल्या बाष्पाशीही संयोग पावतो. एकदा उघडलेली त्याची बाटली पुढच्या वर्षी बंद दिसली तरी आतला माल घट्ट झालेला किंवा निर्जीव असतो, आणि त्याचा लावलेला पॅच पहिल्या दिवशी इतर कुठल्याही पॅचसारखाच दिसतो.